नशा, रूढी आणि कायदा : आपल्या किनाऱ्याचा इतिहास



रत्नागिरी जिल्ह्यात असा मुसलमान मोहल्ला क्वचितच सापडेल की जेथील कोणी ना कोणी नोकरीसाठी आखाती देशात गेलेले नाही. जाणाऱ्याची बॅग भरताना घरातील जाणत्या माणसाने एक सूचना अवश्य द्यावी लागते : मसाल्यात खसखस टाकू नका. आपल्याकडे खसखस वाण्याच्या दुकानात उघड मिळते आणि सणासुदीला आपल्या वाटपात पडते. तीच खसखस संयुक्त अरब अमिरातीत किंवा सौदी अरबस्तानात सामानात सापडली, तर मादक पदार्थ बाळगल्याचा ठपका येऊ शकतो. दाणा एकच, पण समुद्राच्या या तीरावर तो स्वयंपाकाचा जिन्नस आणि त्या तीरावर गुन्हा.

खसखशीच्या दाण्यात नशा जवळजवळ नसते. मात्र ज्या बोंडातून हा दाणा निघतो, तेच बोंड कच्चे असताना त्याला चिरा पाडून जो चीक गोळा करतात, ती अफू. हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या विषयाचे सूत्र हाती येते. कोणत्या पदार्थाला नशा म्हणायचे, तो कोणी, केव्हा आणि किती घ्यायचा, हे केवळ पदार्थाच्या गुणधर्मावर ठरत नाही. समाजाची रूढी ते ठरवते. म्हणून नशेला आवर घालण्याचे प्रयत्नही रूढीला सोबत घेतले तर टिकतात, आणि रूढीला डावलून केले तर बहुधा फसतात. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात याचे दाखले विपुल आहेत. त्यांतले काही आपणांस सुखावणारे नाहीत, परंतु तेही सांगणे अगत्याचे आहे.

मदिना आणि बुऱ्हाणपूर

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. इस्लामने मद्य निषिद्ध ठरवले हे आपल्या मुलांना मदरशातच शिकवले जाते. पण ही बंदी कशी आली, हे सांगायचे बहुधा राहून जाते. ती एका दिवसात आली नाही. आधी मद्यात काही लाभ असला तरी त्याची हानी मोठी आहे असे सांगण्यात आले. नंतर नशेत असताना नमाजाजवळ जाऊ नये असा आदेश झाला. दिवसातून पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला पिण्यासाठी मोकळी वेळ उरेनाशी झाली. अखेरीस संपूर्ण निषेधाची आज्ञा उतरली. तेव्हा मदिनेच्या लोकांनी आपल्या हातांनी मद्याचे घडे रस्त्यात ओतले, असे परंपरा सांगते. आधी मन वळले, मग दिनक्रम बदलला आणि मग बंदी आली, असा हा क्रम होता.

हाच धर्म मानणाऱ्या राजदरबारांत मात्र पुढे काय घडले तेही पाहा. अकबर बादशहाचे दोन पुत्र मद्यामुळे गेले, आणि दोघेही दख्खनच्या मोहिमेवर असताना. शाहजादा मुराद १५९९ साली वारला आणि शाहजादा दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरास. दानियालला मद्य मिळू नये म्हणून अकबराने कडक पहारा ठेवला होता. तेव्हा त्याच्या हुजऱ्यांनी बंदुकीच्या नळीत भरून मद्य आत पोहोचवले. ही हकीगत खुद्द त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. जहांगीराने गादीवर येताच मादक पेये तयार करण्यास व विकण्यास मनाई केली, आणि त्याच ठिकाणी आपण स्वतः तरुणपणापासून पीत असल्याचे कबूलही केले.

वाचकहो, धर्माचा आदेश तोच होता. मदिनेत तो रोजच्या जगण्यात उतरला होता, तर दरबारात मैफलीची रूढी त्याहून प्रबळ ठरली. केवळ 'आमच्या धर्मात हे हराम आहे' एवढे म्हटल्याने आपली मुले सुरक्षित होतात, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

विजापूरची तंबाखू

दुसरी गोष्ट तंबाखूची. दाभोळ हे ज्या विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर होते, त्याच विजापुरात अकबराचा वकील असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी तंबाखू प्रथम पाहिली. अमेरिकेतील हे पान पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणले होते. असद बेगाने ते नळीसह आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवले. दरबारच्या हकिमांनी हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही. असद बेगाचे म्हणणे असे की प्रत्येक चाल केव्हातरी नवीच असते. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तुर्कस्तानात सुलतान चौथा मुराद याने १६३३ साली तिच्यासाठी देहान्ताची शिक्षा ठेवली. पण तंबाखू कोठेही थांबली नाही.

याउलट कॉफीचे पाहा. १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी घालण्यात आली, कारण ती पिऊन लोक रात्री जमतात याची तेथील अधिकाऱ्याला धास्ती वाटली. ती बंदी लवकरच कैरोहून शिथिल करण्यात आली. आज कॉफीला कोणी नशा म्हणत नाही.

तंबाखू मात्र आपल्या घराघरांत पानाच्या डब्यातून, विडीतून आणि मिश्रीच्या डबीतून जाऊन बसली. कोकणातील कितीतरी घरांत तंबाखू भाजून, कुटून केलेली मिश्री सकाळी उठल्याबरोबर दातांना लावली जाते. ही लावणारी बहुधा आपली आई किंवा नानी असते. तिला कोणी व्यसनी म्हणत नाही आणि तीही स्वतःला तसे समजत नाही. तोंडाच्या कर्करोगाने मात्र आजवर असा भेद केलेला नाही. रूढी आवर घालते तशी ती डोळ्यांवर झापडही बांधते, याचे याहून जवळचे उदाहरण नाही.

मुंबईच्या धक्क्यावरील पेट्या

आता अफूकडे वळू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून गलबते भरभरून चीनला जात असे. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाई यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या भागीदारांत महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान व्यापारी होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांना माहीत असेल. ज्या समाजात मद्याला हात लावणे पाप समजत, त्या समाजातील प्रतिष्ठित व्यापाऱ्याला अफूच्या पेटीत पाप दिसले नाही. ती औषधी वस्तू होती, सरकारमान्य माल होता, आणि तिचा धूर ओढणारे लोक फार दूर कोठेतरी होते. १८३९ साली चीनचा अधिकारी लिन झेशू याने कँटन येथे २० हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. तीत मुंबईहून गेलेला मालही फार मोठा होता. त्यातून युद्ध पेटले आणि चीनला हार खावी लागली.

त्याच रोघे घराण्यातील पुढच्या पिढीचे नाखुदा महंमद अली रोघे हे १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत होते. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्यासमवेत त्यांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी झीज सोसली. पूर्वजांचा व्यापार आणि वंशजांची शिक्षणसेवा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत एक सांगावी आणि दुसरी लपवावी हे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. आजच्या निकषाने पूर्वजांना दोषी ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या काळात आपणही अशाच कोणत्या पेटीकडे काणाडोळा करीत आहोत काय, हे तपासावे एवढाच हेतू आहे.

बाळगोळी

अफू चीनलाच गेली असे नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांना सर्वांत जास्त कामगार पुरवणारा जिल्हा आपला रत्नागिरी. पुरुषांबरोबर बायकाही गिरणीत जात. दिवसाचे दहा-अकरा तास आई यंत्राजवळ आणि तान्हे मूल चाळीच्या खोलीत. ते रडू नये म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. तिचे नाव बाळगोळी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने सरकारसाठी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांत अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात असल्याचे तिने नोंदवले.

या माता निर्दय होत्या काय? मुळीच नाही. गावाकडेही मुलाला गुटीबरोबर अफूचा अंश देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. गिरणीच्या भोंग्याने त्या जुन्या चालीला रोजची गरज बनवले. अशा आईला केवळ दंड करून काय साधणार? तिला बाळंतपणाची रजा हवी होती आणि मुलासाठी पाळणाघर हवे होते. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती आली. नशेच्या मुळाशी बहुधा दुसरी एखादी अडचण दडलेली असते. ती न पाहता केलेला उपाय वरवरचा राहतो.

दोन आयोग आणि थिबा राजा

इंग्रज सरकारला या प्रश्नाचा विचार करणे भाग पडले ते विलायतेतील धर्मनिष्ठ मंडळींच्या ओरडीमुळे. १८९३ साली दोन चौकश्या सुरू झाल्या. एक भांग-गांजासंबंधीचा आयोग, दुसरा लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील अफूचा शाही आयोग. पहिल्याने ११९३ साक्षीदार तपासले. मनोरुग्णालयांच्या दप्तरांत वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव वारंवार येई. आयोगाने नोंदी उलगडल्या तेव्हा दिसले की ते कारण कित्येकदा रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने अदमासाने लिहिलेले असे. आपल्या रत्नागिरीचे मनोरुग्णालय त्याच काळातले, १८८६ साली सुरू झालेले. बेताचा वापर बहुधा अपाय करीत नाही, अतिरेक मात्र घातक, तेव्हा संपूर्ण बंदी नको, कर व नियंत्रण असावे, असा निष्कर्ष आयोगाने १८९४ साली दिला. अफू आयोगानेही १८९५ साली बंदीची शिफारस केली नाही. राजस्थान-काठियावाडात पाहुण्याला अफूचा कसुंबा देणे हा मान, तर अफूचा धूर ओढणे ही हलकी गोष्ट, हा भेद लोकांनी स्वतःच केलेला आयोगास आढळला. अर्थात अफूच्या उत्पन्नावर सरकारची तिजोरी भरत होती आणि आयोगाचे मत सरकारच्या सोयीचे होते, हेही विसरता येत नाही.

याच संदर्भात रत्नागिरीकरांना परिचयाचे एक नाव येते, थिबा राजा. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८६ साली येथे बंदिवान म्हणून आला आणि १९१६ साली येथेच वारला. त्याचा राजवाडा आपण सहलीत पाहतो. त्याच्या बौद्ध राज्यात बर्मी प्रजेला अफू निषिद्ध होती. राज्य घेतल्यावर इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेशात बर्मी माणसावरील ही बंदी कायम ठेवली, पण तेथील चिनी लोकांना मुभा दिली. एकाच गावात एकाच वस्तूसाठी दोन माणसांना दोन कायदे. तेथील बौद्ध समाजाचा निषेध इतका जुना होता की अफूवर पैसे मिळवणाऱ्या सरकारलाही तो मोडवला नाही.

माडी, अबकारी आणि दारूबंदी

कोकणची जुनी नशा म्हणजे माडी आणि ताडी. भंडारी समाजाचा तो पिढीजात धंदा. माडी सौम्य, ताजी आणि झाडाजवळची वस्तू होती. तिचा गिऱ्हाईक कोण, तो किती पितो, हे गावाला ठाऊक असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. गावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या, दारू गाळण्याचा मक्ता मोठ्या भट्टीवाल्यांकडे गेला आणि झाडांवरील कर चढवला गेला. सौम्य माडी महागली, कडक दारूची दुकाने पसरली आणि कित्येक भंडाऱ्यांना पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली. नियंत्रणाच्या नावाखाली केलेल्या कायद्याने गावाच्या हातातील लगाम काढून मक्तेदाराच्या हाती दिला.

म्हणूनच मद्यनिषेध ही स्वराज्याच्या चळवळीची मागणी झाली. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवरील पहाऱ्यांना पाठिंबा दिला. रत्नागिरीतच जन्मलेले बाळासाहेब खेर मुंबईचे मुख्यमंत्री असताना १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी घरांवर कर बसवला, तेव्हा मुंबईतील मुसलमान घरमालक आणि मुस्लिम लीग यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ज्यांच्या धर्माने तेरा शतकांपूर्वी मद्य वर्ज्य केले, त्यांनाही दारूबंदीची किंमत मोजणे जड गेले, हे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९४९ चा कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सर्व इलाख्यात पूर्ण दारूबंदी आली. हेतू थोर होता. परंतु हातभट्ट्या धगधगू लागल्या, आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या गोव्यातून दक्षिण कोकणात चोरटी दारू येत राहिली. दानियालच्या बंदुकीची नळीच जणू पुन्हा अवतरली. १९६० नंतरच्या दशकात परवाने सैल करण्यात आले. कायद्याच्या पुस्तकात पिण्यासाठी परवाना आजही लागतो, पण त्याची आठवण किती जणांना असते हे सांगावयास नको.

आजचा कायदा आणि आपण

१९८५ च्या नोव्हेंबरात मादक पदार्थांसंबंधीचा केंद्रीय कायदा अमलात आला. त्यात गांजा आणि चरस यांवर कडक बंदी आहे, पण झाडाच्या नुसत्या पानांची भांग व्याख्येतून वगळली आहे. होळी-महाशिवरात्रीची रूढी कायद्यालाही मानावी लागली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या रस्त्यावर पडलेल्या दिसतात. 'एमडी' म्हणून ओळखला जाणारा मेफेड्रोन हा रासायनिक पदार्थ २०१५ साली केंद्रीय कायद्याच्या यादीत आला. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसाच्या पिशव्या लाटांबरोबर वाहत आल्या. कस्टमने त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरून दोनशे किलोंहून अधिक माल गोळा केला. तेव्हा 'हे मुंबईत चालते, आपल्याकडे नाही' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

या नव्या पदार्थांत एक मोठा धोका आहे. माडीला, भांगेला, अफूला बऱ्यावाईट का होईना, रूढीचे कुंपण होते. कोणी घ्यावी, केव्हा थांबावे, याचा काही संकेत होता. प्रयोगशाळेतून आलेल्या पांढऱ्या पुडीला असा कोणताच संकेत नाही. ते कुंपण आपल्यालाच घालायचे आहे, आणि पोलीसठाणे ते एकटे घालू शकणार नाही.

पालकहो, येथे आपल्या दोन सवयी आड येतात. पहिली, पैशाने प्रेम भागवण्याची. बाप आखातात, आई एकटी आणि तरुण मुलाच्या हाती खुळखुळणारा पैसा. गिरणीतील आईने मूल शांत राहावे म्हणून गोळी दिली. आपण मोबाईल, मोटारसायकल आणि नोट देतो. दुसरी सवय अब्रूच्या भीतीने लपवण्याची. मुलगा वाया जात आहे असे दिसले की आपण कुजबुजतो, झाडफूक करतो, किंवा 'लग्न करून दिले की सुधारेल' म्हणून परक्याच्या लेकीचा बळी देतो. हराम म्हणून ज्याचा आपण धिक्कार करतो, त्याच धिक्कारामुळे मुलगा आपल्यापासून तोंड लपवतो आणि पुडी विकणाऱ्याला मात्र मन मोकळे करतो.

कायद्यातील एक तरतूद म्हणूनच प्रत्येक घराला माहीत असावी. जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारास जाऊन ते उपचार पुरे करतो, त्याला स्वतःच्या सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल खटल्यातून संरक्षण मिळू शकते. सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. व्यसन हा आजार समजून डॉक्टरकडे नेणे यात कुळाला बट्टा नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मित्राने पुढे केलेली वस्तू 'सगळेच घेतात' म्हणून घेऊ नका. दरबारातील शाहजाद्यांनाही भोवतालचे सगळेच घेत होते. तुमचा एखादा सोबती त्यात अडकला असेल तर त्याला टाकू नका, पण त्याचे गुपितही सांभाळू नका. एखाद्या शिक्षकाला विश्वासात घेऊन सांगा.

मदिनेत घडे ओतण्याआधी मने तयार झाली होती, हे आरंभी सांगितले. आपल्या मोहल्ल्यांत ती तयारी करायची असेल तर तिची सुरुवात मुलांच्या खिशांपासून न करता मोठ्यांच्या डब्यांपासून करावी लागेल. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात विडी पेटवणारा बाप आणि सकाळी मिश्री लावणारी आई मुलाला नशेवर उपदेश करू लागली, तर मूल ऐकून घेईल, पण मानणार नाही. म्हणून ही स्मरणिका बाजूला ठेवल्यावर आधी आपल्या घरातील पानाचा डबा आणि मिश्रीची डबी उघडून पाहा, आणि ती कोणत्या तारखेपासून बंद होणार हे मुलांच्या देखत ठरवा. संस्थेने शाळेत कितीही व्याख्याने ठेवली तरी या एका गोष्टीची बरोबरी ती करू शकणार नाहीत.